नातवंडांच्या नावे हवेतली ठेव

नातवंडांसाठी काहीतरी मागे ठेवावं असं मनात असेल, तर जमीनजुमला आणि सोन्यानाण्याच्या नादी लागू नका. जमिनीवरून भावाभावांत कज्जे होतात, सोनं चोर नेतात आणि बँकेतली ठेव पोरं मुदतीआधीच मोडून खातात. हवेत ठेवलेला, उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड मात्र कुणाच्या बापाला मोडता येत नाही. त्यातला बराचसा झाडं आणि समुद्र सावकाश गिळतात हे खरं, पण एक हिस्सा हजारो वर्षं जिथल्या तिथं राहतो. शिवाय वारस नेमायची कटकट नाही. जो जन्माला येईल तो वारस.

खातं उघडणं सोपं आहे. एक लिटर पेट्रोल जाळा. त्याचं वजन जेमतेम पाऊण किलो, पण जमा होतो साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. यात हातचलाखी काही नाही. जळताना कार्बनचा एक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो आणि १२ वजनाचे ४४ होतात. तुमच्या रकमेत हवाच पदरची भर घालते! गाडी कुठे न्यायलाच हवी असंही नाही. कुणाची वाट बघत इंजिन नुसतं सुरू ठेवलं, तरी हप्ता भरला जातो.

हप्त्यांचा कंटाळा असेल, तर एकरकमी भरण्याची सोय एसीत आहे. एसीत थंडावा आणणारा आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत सोडला, की शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २,००० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. म्हणजे ९०० लिटरच्या आसपास पेट्रोल, तेही काडी न ओढता. एसी दुसऱ्या जागी हलवताना ही संधी चालून येते. काही मेकॅनिक आधी पंप डाउन करतात: बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, कंप्रेसर थोडा वेळ चालवून सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यायचा, मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून मशीन थांबवायचं. असला माणूस दारात उभा करू नका. थेट नट सैल करणारा बोलवा. एक लांबलचक ‘फुस्स’ ऐकू येईल, की झालं काम. पुन्हा बसवताना तांब्याच्या नळीची कापलेली कड साफ करू देऊ नका आणि फ्लेअरवरचा, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या तोंडावरचा, नट ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याऐवजी अंदाजानेच आवळू द्या. सैल राहिला तर गळेल, जास्त आवळला तर फ्लेअरला चीर जाऊन गळेल. दोन्हीकडून तुमचाच फायदा. पुढे जोडावर तेलकट डाग धरतो, त्यावर धूळ बसते. तो डाग फडक्याने पुसून टाका आणि गॅस भरून घ्या. दर उन्हाळ्यात भरा. गळती शोधत बसणारे लोक या योजनेचे शत्रू समजावेत.

अल्पमुदतीची ठेव हवी असेल तर ओला कचरा आहे. तो पिशवीत गच्च बांधून अशा ढिगाखाली जाऊ द्या, जिथे हवा पोहोचणार नाही. हवेवाचून कुजला की मिथेन तयार होतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या घरात उष्णता अडवतो. मात्र बारा-एक वर्षांत तो विरतो, म्हणून भरणा चालू ठेवावा लागतो. त्याच कचऱ्यात सुका पाला मिसळून अधूनमधून वरखाली केलात तर नुसतं खत होईल. सांभाळा.

व्याज चक्रवाढ आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. वाफ स्वतःच उष्णता अडवते, त्यामुळे हवा आणखी तापते. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परत पाठवतो. तो वितळून खालचा काळा समुद्र उघडा पडला, की तेच ऊन आत मुरतं. यातली ९० टक्के जादा उष्णता समुद्र पोटात ठेवतो, म्हणून पासबुकात लवकर दिसत नाही. धीर धरा.

मुदत भरल्यावर मिळणारा परतावा नाना रूपांचा. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवू लागला, की घाम सुकत नाही. सावलीत पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. आजारी, म्हातारे आणि उन्हात राबणारे त्याच्या कितीतरी आधीच. हवेत साठलेली वाढीव वाफ पाऊस म्हणून एकदम कोसळते आणि दोन कोसळण्यांच्या मधे जमीन जास्त वेगाने सुकते. भाताला आणि गव्हाला हे वेळापत्रक मानवत नाही, पण त्यांना कोण विचारतो?

हवा तापतेय, समुद्र चढतोय म्हणून वाद घालणारे भेटतीलच. ‘पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पाणी वाढतं का?’ असं त्यांना विचारा. प्रश्न बिनतोड आहे, फक्त ग्रीनलँडचा बर्फ पेल्यात नसून जमिनीवर आहे आणि तो सगळा वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, हे बोलू नका. ‘सूर्यच तापलाय’ हेही खपतं. मात्र समोरच्याने वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, उलट थंड होत चाललाय असं म्हटलं, की चहाचा विषय काढा. सूर्य तापला असता तर तोही थर तापला असता. ‘अजून अभ्यास व्हायचाय’ हे वाक्य सर्वांत टिकाऊ. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल हा हिशेब स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच कागद-पेन्सिलीने मांडला होता, तेव्हापासून ते उपयोगी पडत आलंय. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० होते. १९५८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या वर.

राहता राहिला पैसे काढण्याचा प्रश्न. हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारी यंत्रं निघाली आहेत. त्यांना दहा हजार रेणूंमधून चारच नेमके वेचायचे असतात, वेचलेला वायू तापवून सोडवायचा असतो आणि दाबून खडकात पुरायचा असतो. याला ऊर्जा भरमसाट लागते. ती कोळशाच्या विजेची घ्यावी, म्हणजे खात्यातून काढताकाढता भरणाही चालू राहतो.