दायमाबादचा हत्ती मोहेंजोदडोचा नाही

काळाघोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या धातूच्या हत्तीचा फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर असा: ‘इंग्रजांनी मोहेंजोदडोहून मुंबईत आणलेला, कार्बन चाचणीने ४,००० वर्षांचा ठरलेला.’ यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हा हत्ती आपल्या प्रवरेकाठचा. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना चार शिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. वजन सगळं मिळून ६० किलोंच्या वर. इंग्रज जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती. शोधाचं श्रेय त्या शेतकऱ्याचं आहे आणि ते पुसलं जातंय, याचा मला खरंच राग येतो.

आता चाचणी. कार्बन पद्धत लाकूड, कोळसा, हाड यांना चालते. तांब्याचं वय तिने निघत नाही. पुढे पुरातत्त्वज्ञ सा. अ. साळी यांनी दायमाबादला उत्खनन केलं आणि शिल्पं उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातली मानली. दुसरे पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांना ते पटलं नाही. या धातूत आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त आहे, त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत तसं आढळत नाही, म्हणून ती बरीच नंतरची असावीत, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही.

मेसेज पुढे पाठवलाच असेल, तर त्याच ग्रुपवर दायमाबादचं नावही टाका.