ब्लॅकबर्न पुण्याने वाचवलं? कुणी सांगितलं?

परवा रात्री साडेदहाला पुतणीचा फोन. नववीत आहे. शाळेत तीन मिनिटांचं भाषण, विषय 'माझ्या शहराचा अभिमान'. म्हणाली, "काका, तू रात्र रात्र जागून मॅचा बघतोस ना, मग हे एकदा वाच. खरं आहे ना सगळं?" आणि पाठवला तोच फॉरवर्ड, जो गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे चार वेळा तरी येऊन गेलाय. सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, आणि एकदा खुद्द सासऱ्यांकडून, खाली सहा तिरंगे लावून. दर वेळी अंगठा दाखवून पुढे गेलो. चूक माझीच. आता पोर तेच स्टेजवर उभं राहून बोलणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे थोडक्यात. पुण्याच्या व्यंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीने २०१० साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला बंद पडत आलेला, कुणाला माहीत नसलेला फुटबॉल क्लब विकत घेऊन वाचवला. मराठी माणसाने इंग्रजांच्या छातीवर झेंडा रोवला. ज्या गावच्या गिरण्यांनी आपले विणकर देशोधडीला लावले, त्याच गावचा क्लब आज आपल्या खिशात, म्हणजे सूड पुरा. ब्राझीलचा स्टार रोनाल्डिन्योला खेळायला आणलं. गोऱ्यांना हिंदुस्थानी मालक पचला नाही म्हणून त्यांनी मैदानात कोंबडी सोडून अपमान केला. तरीही मालक पदरचे पैसे घालून क्लब चालवताहेत. शेवटी अर्थातच 'प्रत्येक मराठी माणसाने शेअर करा'.

'कुणाला माहीत नसलेला क्लब' हे आधी उरकून टाकू, कारण ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. १८८८ साली इंग्लंडमध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात बारा क्लब होते, त्यांतला एक ब्लॅकबर्न रोव्हर्स. क्लबची स्थापना १८७५ ची. एफए कप सहा वेळा जिंकलेला, त्यात १८८४, ८५, ८६ असा सलग तीनदा. पहिल्या महायुद्धाआधी दोनदा लीगचे विजेते. आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सर्वात वरची लीग. त्या वर्षी शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलच्या मैदानावर हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच साधता आली, आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने ट्रॉफी ब्लॅकबर्नला गेली. अ‍ॅलन शीअररने त्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल मारले होते. असा हा 'कुणाला माहीत नसलेला' क्लब.

त्या यशामागे पैसा होता, जॅक वॉकरचा. पण तो माणूस ब्लॅकबर्नचाच. पोलादाच्या धंद्यात कमावलं, धंदा विकला आणि लहानपणापासून ज्या क्लबचा चाहता होता त्यात पैसा ओतला. २००० साली तो गेला. आपल्याकडे गावच्या देवळाला शिखर बांधून देणाऱ्या शेटजीचं नाव जसं पिढ्यान् पिढ्या घेतात, तसं तिथे त्याचं घेतात. 

आता 'वाचवला'. व्यंकीजने क्लब घेतला नोव्हेंबर २०१० मध्ये, सुमारे २.३ कोटी पौंडांना, शिवाय कर्ज अंगावर घेऊन. तेव्हा ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमध्ये होता, आणि आधीच्या हंगामात वीस संघांत दहावा आला होता. याला बुडणं म्हणत असतील तर आपल्या शहरातली निम्मी दुकानं बुडालेली आहेत. घेतल्यावर महिन्याभरात मॅनेजर (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. मॅनेजर म्हणून याआधी कुठलाच क्लब न सांभाळलेल्या स्टीव्ह कीनला आणलं. वर्षानुवर्षं क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स काही आठवड्यांत बाहेर पडले. २०१२ च्या मे महिन्यात क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या स्तरावर. एकदा प्रीमियर लीग जिंकून मग तिसऱ्या स्तरापर्यंत घसरलेला हा पहिला क्लब. पुढच्याच वर्षी मॅनेजर टोनी मोब्रेच्या हाताखाली तो परत दुसऱ्या स्तरावर आला हे खरं, पण प्रीमियर लीगचं दार २०१२ पासून बंदच.

म्हणजे फॉरवर्डने गोष्ट नेमकी उलटी सांगितली आहे.

पण माझं डोकं फिरलं ते कोंबडीच्या मुद्द्यावर. ७ मे २०१२, धो धो पाऊस, समोर विगनचा संघ. जिंकले नाहीत तर खालच्या लीगमध्ये. पहिल्या अर्धात कुणीतरी क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं कापड गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. ती पळतेय आणि खेळाडू तिच्यामागे, हे दृश्य मी टीव्हीवर थेट पाहिलंय. शेवटची काही मिनिटं राहिली असताना विगनने गोल केला आणि खेळ खल्लास. मालकांचा धंदा कोंबड्यांचा, म्हणून कोंबडी. आपल्याकडे साखरसम्राटाच्या विरोधात मोर्चा निघाला की उसाची मोळी घेऊन जातात, तसलाच प्रकार. जातीवर, रंगावर, देशावर त्यात काय आलं? आणि खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये कोंबडीच्या तंगड्या खायला लावणारी जाहिरात मालकांनीच काढली होती. कोंबडी फुटबॉलमध्ये आधी कुणी आणली, तेही लिहा की.

गर्दीत कुणाच्या तोंडून एकही घाणेरडा शब्द निघाला नसेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हजारोंच्या गर्दीची हमी कोण देणार? पण राग कुणावर होता ते बघा. त्या पूर्ण हंगामात घरच्या मैदानावर घोषणा चालल्या त्या मुख्यतः स्टीव्ह कीनच्या नावाने. कीन स्कॉटलंडचा, गोरापान. आणि ब्लॅकबर्न हे काही गोऱ्यांचंच गाव नाही. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे ब्लॅकबर्न आणि डार्वेन मिळून जो भाग होतो, तिथले तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत. बरेचसे गुजरात आणि पाकिस्तानातून गिरण्यांत कामाला गेलेल्यांची मुलं-नातवंडं. मे २०२२ मध्ये याच क्लबच्या मैदानावर, गवतावर, ईदची नमाज झाली. इंग्लंडमधल्या क्लबच्या मैदानावर हे पहिल्यांदाच झालं. (ते व्यंकीजच्याच काळात झालं, तेवढं श्रेय देऊन टाकतो.) त्या गावाला 'हिंदुस्थानी माणूस पचत नाही' म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

चाहत्यांचा राग कशावर होता हे जाणून घ्यायचं असेल तर चाहत्यांचं ऐकू नका, माझंही नको. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाचा २०१३ मधला एक निकाल आहे, हेनिंग बर्ग विरुद्ध ब्लॅकबर्न रोव्हर्स. बर्ग म्हणजे १९९५ च्या विजेत्या संघातला बचावपटू. कीन गेल्यावर ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांच्या कराराने मॅनेजर केलं. दहा सामने, एक विजय, आणि ५७ दिवसांत नारळ. करारात लिहिलं होतं की मध्येच काढलं तर उरलेल्या मुदतीचा मूळ पगार द्यायचा. तो झाला २२ लाख ५० हजार पौंड. क्लबने आधी देणं मान्य केलं. मग घूमजाव करून सांगायला लागले की हा करार करण्याचा अधिकारच आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता. न्यायाधीशांनी कबुली मागे घेऊ दिली नाही, पैसे द्यायला लावले.

आता जरा थांबून विचार करा. शंभरावर वर्षं जुनी संस्था कोर्टात उभी राहून म्हणते की आमच्या सर्वात वरच्या पगारी अधिकाऱ्याने केलेला करार आम्हाला बांधील नाही. गावची पतसंस्था असं बोलली असती तर तिच्या दारात ठेवीदारांची रांग लागली असती. बर्गनंतरचा मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकला. म्हणजे एकाच हंगामात कीन, बर्ग, अ‍ॅपलटन असे तीन मॅनेजर गेले, मधले हंगामी वेगळेच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हा निकाल सार्वजनिक आहे, कुणीही वाचावा, आणि मग मला वर्णद्वेष शिकवावा.

'मराठी माणूस' यावर फार बोलत नाही. व्यंकीजचं घराणं मूळचं तेलुगू. डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात जम बसवला, भारतातला कुक्कुटपालनाचा धंदा उभा केला, 'संडे हो या मंडे' म्हणत अख्ख्या देशाला अंडी खायला लावणाऱ्या समितीमागेही तेच. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे, ते पुण्याचंच म्हणा, माझी हरकत नाही. रोनाल्डिन्यो? बोलणी झाली, बातम्या आल्या, आणि जानेवारी २०११ मध्ये तो ब्राझीलला फ्लामेंगोकडे गेला. ब्लॅकबर्नसाठी एक मिनिटही खेळला नाही. पुढे.

पैशाचा मुद्दा मात्र मला गिळावा लागतो. तो बराचसा खरा आहे. क्लब जवळजवळ दर वर्षी तोट्यात असतो, आणि तो तोटा मालक कोट्यवधी पौंड घालून भरत आलेत. इंग्लंडमध्ये बरी आणि बोल्टन या शेजारच्या क्लबांचं काय झालं ते पाहिलं, की पैसे टाकणारा मालक असणं ही लहान गोष्ट नाही हे कळतं. बरीला तर २०१९ मध्ये लीगमधूनच काढलं. अलीकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली, त्यामुळे हातही आखडला. पण पैसे घातले म्हणून 'वाचवला' होत नाही. आधी खड्डा खणायचा, मग रोज त्यात पाणी ओतायचं आणि म्हणायचं बघा, विहीर बांधली. आणि घरचं पीकही घरात राहत नाही: २०२४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नचाच पोरगा, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला, क्रिस्टल पॅलेसला विकला. चार महिन्यांनी तो युरोपातल्या देशांच्या युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता.

आणि राहिला तो 'सूड'. हा मुद्दा लिहिणाऱ्याला ब्लॅकबर्नच्या गिरण्यांबद्दल अर्धवट का होईना काहीतरी ठाऊक आहे, म्हणूनच जास्त राग येतो. तिथल्या मागांवर आपल्यासाठी धोतरं विणली जात, आणि त्यांनी आपला हातमाग मोडला, हे खरंच आहे. पण सूड घ्यायचा कुणावर? १९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेला गेलेले असताना, गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले होते. राहिले ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनमध्ये. परदेशी कापडाच्या बहिष्काराने तिथले माग बंद पडत होते, कामगार घरी बसले होते. लोक म्हणाले, मार खाल. तिथल्या गिरणीतल्या बायांनी त्यांचा जयजयकार केला, त्यांना मध्ये घेऊन फोटो काढला. पंचा नेसलेले गांधीजी आणि भोवती हसणाऱ्या गिरणी कामगार बाया, तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार. ज्याने बहिष्कार पुकारला तो त्यांच्याशी बोलायला गेला, आणि आपण नव्वद वर्षांनी सोफ्यावर बसून त्यांच्या नातवंडांवर सूड उगवतोय. तोही दुसऱ्याच्या पैशाने.

माझंही यात थोडं अंग आहे, सांगून टाकतो. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात आला होता, बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. मी गेलो होतो. शर्ट घातला, ओरडलो, आपल्या शहरात प्रीमियर लीगचा संघ म्हणून छाती फुगवून घरी आलो. तेव्हा तो संघ लीगच्या तळाशी गटांगळ्या खात होता आणि भर हंगामात त्याला विमानात घालून इतक्या लांब आणलं होतं. त्यांच्या चाहत्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाही नव्हता.

हे सगळं पुतणीला फोनवर सांगितलं, चाळीस मिनिटं. ती म्हणाली, "काका, मला तीनच मिनिटं आहेत." मग तिने स्वतःच निवड केली. वॉकर गाळला, कोर्ट गाळलं. गांधीजी राहिले होते तिथून क्लबचं मैदान किती लांब, विचारलं. म्हटलं, सहा-सात किलोमीटर. ते तिने लिहून घेतलं. कोंबडी मात्र तिला ठेवायचीच आहे, वर्ग हसतो म्हणे. ठेव म्हटलं, पण का सोडली ते एका वाक्यात सांग.