जगाच्या राजकारणावरची नवी पुस्तकं आपल्या तालुक्याला आली पाहिजेत

मराठवाड्यातल्या माणसाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं काय पडलंय, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लातूरच्या मार्केट यार्डात सौदे सुरू व्हायच्या आधी तासभर एखाद्या आडतीवर बसून बघा. अर्जेंटिनात पाऊस झाला का, इंडोनेशियानं पामतेलाचं काय ठरवलं, अमेरिका आणि चीनचं मिटलं का, सगळ्याची चर्चा तिथं चहाबरोबर होते. आमच्या गावचे एक तात्या मला तिथंच भेटले. मी राज्यशास्त्र शिकवतो हे त्यांना माहीत आहे. म्हणाले, "सर, चीननं अमेरिकेचं सोयाबीन घ्यायचं बंद केलं म्हणं. मग आपला भाव वाढायला पाहिजे ना? पडतो कसा काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. चीन ब्राझीलकडं वळला की अमेरिकेचा माल पडून राहतो, जागतिक बाजारात सोयाबीन आणि पेंड दोन्ही स्वस्त होतात, मग आपल्या डीओसीला, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयापेंडेला, बाहेर गिऱ्हाईक मिळत नाही. त्यात इथं इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारं डीडीजीएस, म्हणजे धान्याचा वाळवलेला चोथा, पेंडेऐवजी कोंबडीखाद्यात जायला लागलं, म्हणजे देशातली मागणीही घटली. एवढं तात्यांना सांगता आलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न जास्त खोल होता. "हे ठरवतं कोण?"

याच प्रश्नावर गेल्या पाच-सहा वर्षांत जगभरच्या अभ्यासकांनी फार मोलाची पुस्तकं लिहिली आहेत. सैन्य, सीमा आणि शिखर परिषदा यांच्यापलीकडं जाऊन व्यापार, पैसा, खत, धान्य यांतून सत्ता कशी चालते, हे ती दाखवतात. आणि ती आपल्याकडं पोचतच नाहीत. माझं दुखणं हे आहे.

मॅथ्यू क्लाइन आणि मायकेल पेटिस यांचं 'ट्रेड वॉर्स आर क्लास वॉर्स' २०२० साली आलं. त्यांचं म्हणणं असं की, दोन देशांत दिसणारं व्यापारी भांडण मुळात त्या त्या देशाच्या आतलं असतं. चीनमध्ये, जर्मनीत कामगाराच्या हातात पैसा कमी पडू दिला, त्यामुळं देशातला खप घटला आणि उरलेला माल जगाच्या गळ्यात मारावा लागला. हे वाचताना मला सारखी आपली खाद्यतेलाची आयात आठवत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. त्याच महिन्यात १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली आणि नवा माल यार्डात येईपर्यंत भाव कोसळला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. मधल्या काळातही इथं सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. पोल्ट्रीवाल्याला पेंड स्वस्त हवी, शहरातल्या घराला तेल स्वस्त हवं, औशाच्या शेतकऱ्याला भाव हवा. निर्णयाच्या कागदावर आयात-निर्यात लिहिलेलं असतं, पण ओढाताण आपल्याच माणसांत असते. क्लाइन-पेटिस यांच्या पुस्तकात लातूर नाही. तरी ती मांडणी हाताशी असली तर तात्यांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

कापसाचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के कर लावला आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, पुढं ही सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड उद्योगाला दिलासा पाहिजे होता, हे मी समजू शकतो. पण परभणी-बीडचा कापूस वेचणीला येतो तो याच महिन्यांत. याचा विचार कुणी, कुठं केला, हे विचारायला आपल्याकडं अभ्यास असलेली माणसं नकोत का?

दुसरं पुस्तक निकोलस मुल्डर यांचं, 'द इकॉनॉमिक वेपन', २०२२ चं. पहिल्या महायुद्धातल्या नाकेबंदीतून आर्थिक निर्बंधांचं हत्यार कसं घडलं आणि राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या, काळात ते कसं वापरलं गेलं, याचा हा इतिहास. निर्बंधांच्या धास्तीनं जर्मनी, इटली, जपान स्वयंपूर्णतेच्या आणि भूमी बळकावण्याच्या मागं लागले, म्हणजे युद्ध टाळायला काढलेल्या उपायानंच युद्धाकडं ढकललं, हा त्यातला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग. आता मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रासमोरची रांग बघा. पोटॅश खत आपण जवळपास सगळं बाहेरून आणतो, त्यात रशिया आणि बेलारूस हे निर्बंधांत सापडलेले देश मोठे पुरवठादार. चीननं डीएपी या खताच्या निर्यातीला २०२१ पासून लगाम घातला. माल कमी आला की दुकानदार लिंकिंग करतो. १,३५० रुपयांची डीएपीची गोणी पाहिजे असेल तर सोबत नको असलेली बाटली किंवा दुसरं खत घ्यायचं. शेतकरी दुकानदारावर चिडतो, दुकानदार कंपनीकडं बोट दाखवतो. निर्बंधांचा इतिहास वाचलेला माणूस त्या रांगेत उभा असेल तर तो आणखी चार प्रश्न विचारेल.

हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांचं 'अंडरग्राउंड एम्पायर' मी इथं फक्त सुचवतो. डॉलर, बँकांची संदेशयंत्रणा, समुद्राखालच्या केबल्स यांवर अमेरिकेची पकड कशी बसली, ते त्यात आहे. वाचायला सोपं आहे, बी.ए.च्या मुलांनाही झेपेल.

या पुस्तकांबद्दल माझी एक तक्रारही आहे. त्यांत जग वॉशिंग्टनहून दिसतं, बीजिंगहून दिसतं, फार तर दिल्लीहून. जिथं निर्णयाचा मार बसतो तिथून कुणी लिहीत नाही. म्हणून ती आपण वाचायची आणि त्यांना आपल्या बाजूनं जाबही विचारायचा.

आपल्याला तो हक्क आहे, कारण तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेला आपला मुलूख एकदा थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या टेबलावर होता. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण झेंडावंदन करतो, हुतात्म्यांना वंदन करतो, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतो. ते घेतलंच पाहिजे. पण निजामानं ऑगस्ट १९४८ मध्ये भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडं तक्रार केली होती, हे किती मुलांना माहीत आहे? १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारताची फौज आत आली आणि त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक झाली. हैदराबादकडून मोईन नवाज जंग बोलले, भारताकडून रामस्वामी मुदलियार. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, त्याला इथं तक्रार करता येत नाही, ही भारताची बाजू. दुसऱ्या दिवशी निजामानं शरणागती जाहीर केली आणि पुढं तक्रार मागं घेतली. त्याआधी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं हैदराबादला शस्त्रं पोचवत होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचं भवितव्य ठरत होतं आणि त्यात कराची होतं, पॅरिस होतं.

सुनील पुरुषोत्तम यांचं 'फ्रॉम राज टू रिपब्लिक' २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठानं काढलं. सार्वभौमत्व, हिंसा आणि लोकशाही यांचा त्या काळातला गुंता ते उलगडतं आणि त्यात हैदराबाद अगदी मध्यभागी आहे. पोलिस कारवाईच्या, म्हणजे १९४८ च्या त्याच लष्करी कारवाईच्या, वेळी आणि नंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्यावर आपण अजूनही दबक्या आवाजात बोलतो. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार आणि हे, दोन्ही एकाच पुस्तकात शांतपणे वाचता येणं ही मोठी गोष्ट आहे. नरहर कुरुंदकर नांदेडला बसून हैदराबादवर निर्भीडपणे लिहीत होते, अनंत भालेरावांनी आपल्या मुक्तिलढ्याचा इतिहास लिहिला. त्यांच्या पुढची पायरी या नव्या पुस्तकांत आहे आणि ती आपल्या कपाटात नाही.

कपाटात काय असतं, ते मी बघितलंय. एका महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या फळीवर सोव्हिएत संघ अजून शाबूत होता. बाकी सगळी गाइडं. स्पर्धा परीक्षेची मुलं बारा-बारा तास अभ्यासिकेत बसतात, क्वाड, ब्रिक्स या देशांच्या गटांत कोण कोण हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना कुणी अख्खं पुस्तक हातात देत नाही, आणि मग जगाचं राजकारण ती यूट्यूबवरच्या आरडाओरड्यातून शिकतात. गोविंद तळवलकर अग्रलेख लिहायचे तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीला सोव्हिएत संघाचं काय चाललंय ते मराठीत कळायचं. ती सोय आज राहिलेली नाही.

विद्यापीठांची पुस्तकं महाग असतात, खरंय. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ल्युमिनॉस योजनेतली पुस्तकं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स या संकेतस्थळावर तर अशी हजारो आहेत. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून सरकारी संस्थांना संशोधनपत्रिका मिळतात, पण त्यात पुस्तकं नाहीत. तेव्हा ग्रंथालयांच्या निवड समित्यांनी वर्षाला निदान दोन-चार तरी अशी पुस्तकं घ्यावीत. आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं यांतली निवडक पुस्तकं मराठीत आणावीत. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्याचा उपयोग आजच्या जगाचं ज्ञान मराठीत यायला झाला पाहिजे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

सुरक्षा परिषदेच्या त्या बैठकीचा वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात इंग्रजीत मोफत आहे. मी तो मराठीत करायला घेतलाय. लातूर, नांदेड, धाराशिव, कुठल्याही कॉलेजातली इंग्रजी बरं असलेली मुलं-मुली सोबत आली तर भाषणं वाटून घेऊ आणि येत्या १७ सप्टेंबरच्या आत आपापल्या गावच्या वाचनालयात त्याच्या छापील प्रती ठेवू. ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करा.