येऊ द्या, येऊ द्या... बास!

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे सात नंबरच्या खांबावर जमिनीपासून दीडेक फुटावर एक पांढरा पट्टा आहे. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं सोसायटीनेच मारलाय, अंधारात दिसावा म्हणून. तो माझ्या गाडीचा रंग आहे. आणि माझ्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात जो पिवळट डाग आहे तो खांबाचा. गाडी २०१४ ची, खांब तिच्या आधीचा, तेव्हापासून दोघांची देवाणघेवाण चालूय.

तसा मी रिव्हर्सला वाईट नाही. म्हणजे खरं सांगायचं तर रिव्हर्स मी कधी घेतलाच नाही, वॉचमनकाका घ्यायचे, मी नुसता स्टिअरिंगला बसायचो. आपल्याकडे कोण एकटा गाडी मागे घेतो सांगा? मागचा पांढरा दिवा लागायचा अवकाश, कुठूनतरी एक माणूस उगवतो, ओळखीचा असलाच पाहिजे असं काही नाही, एका हातात चहाचा कप, दुसरा हात वर, आणि सुरू. येऊ द्या, येऊ द्या, फुल्ल मारा, अजून मारा, आता सरळ करा, येऊ द्या, येऊ द्या, आणि मग डिकीवर थाप. बास! आमच्या वॉचमनकाकांच्या थापेवरून तर किती जागा उरली ते कळायचं. हलकी थाप म्हणजे वीतभर, जोरात म्हणजे चार बोटं, आणि थाप न पडता नुसतं 'अरारारा' ऐकू आलं की उतरून बघायचं.

तर हे काका जूनमधे पेरणीला गावी गेले, परभणीकडे, आणि महिन्याभरात खांबावरचा पट्टा दुप्पट रुंद झाला.

घरात विषय निघाला. न्यू जर्सीचा मेव्हणा तेव्हा नेमका व्हिडिओ कॉलवर, तो लगेच, दाजी आमच्याकडे मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागे कॅमेरा कम्पल्सरी आहे, तुम्ही अजून मान वळवून बघता? मी म्हणलं आपल्याकडेही जुलै २०१९ पासून नव्या गाडीला मागे सेन्सर कम्पल्सरी आहेत, आमची त्याच्या आधीची आहे म्हणून, नाहीतर काय! देशाची बाजू घेता आली पण बंपरची काही घेता येईना. बायको म्हणाली, लावून घे ना मग कॅमेरा, स्टिरिओला एवढी मोठी स्क्रीन आहे, तिच्यावर नुसती गाण्यांची नावंच बघायची का.

नाना पेठेत गेलो. कॅमेरा सातशे रुपये. लावायचे बाराशे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. मी म्हणलं बाराशे कशाचे हो, दोन वायरी तर जोडायच्यात, घरी लावतो मी. दुकानदार वाद घालायच्या भानगडीत पडला नाही. कॅमेरा पिशवीत घातला आणि एक छोटी पुडी काउंटरवर ठेवली, "क्लिपा देऊन ठेवू का? लागतील." मी म्हणलं कशाला उगाच.

रविवारी सकाळी नऊला खाली उतरलो. ज्या व्हिडिओवरून शिकलो त्यातल्या माणसाने अख्खं काम अकरा मिनिटांत केलं होतं, त्यातली दोन मिनिटं तर तो सबस्क्राइब करा म्हणूनच सांगत होता. मी आपला तास धरला. बायकोला म्हणलं दहाला पोहे टाक, आलोच.

पहिला घोळ खोका उघडल्या उघडल्याच. कॅमेऱ्याची पट्टी नंबर प्लेटच्या बोल्टमधे अडकवायची असते. आणि माझ्या गाडीला दोनच महिन्यांपूर्वी ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना सक्ती झाली ना, ती. तिला बोल्ट कुठले, स्नॅप लॉक असतात, एकदा ठोकले की ठोकले, काढायचे तर तोडायला लागतात आणि तोडले की परत अपॉइंटमेंट आली. पहिल्या अपॉइंटमेंटचा ओटीपी यायला मी किती वेळा गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो ते... जाऊदे. पट्टी बाजूला ठेवली. ठरवलं की प्लेटच्या वर जी प्लास्टिकची पट्टी असते तिलाच भोक पाडून कॅमेरा बसवायचा.

त्यासाठी डिकीच्या दाराचं आतलं कव्हर काढायचं. व्हिडिओतल्या माणसाकडे त्याच्या खास निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, माझ्याकडे नव्हत्या, मी वर जाऊन नॉनस्टिकचं लाकडी उलथनं घेऊन आलो. फटीत घातलं, तिरकं दाबलं, टक्. काय समाधान आहे हो त्या आवाजात! पुन्हा टक्. सात वेळा टक् झालं, मला वाटायला लागलं की आपण उगाच बँकेत गेलो, आपला हात मेकॅनिकचा. कव्हर सुटून हातात आलं तेव्हा कळलं की क्लिप निघताना 'पक्' वाजते. 'टक्' वाजते ती तुटताना.

आता रिव्हर्सच्या दिव्याची वायर शोधायची. कॅमेऱ्याला करंट तिथूनच द्यायचा असतो, म्हणजे रिव्हर्स पडला की दिवा आणि कॅमेरा बरोबरच चालू. इंजिन बंद, किल्ली ऑन, गिअर रिव्हर्सला, आणि घरातला टेस्टर घेऊन एकेक वायर टोचत बसलो. एकाही वायरीला टेस्टर पेटेना. म्हणजे समोर दिवा ढळढळीत चालू आहे, भिंतीवर उजेड पडलाय, आणि टेस्टर म्हणतोय करंट नाही. मी फ्यूज बघितले. वायरी परत टोचल्या. टेस्टर बिघडला असेल म्हणून वर जाऊन मिक्सरच्या सॉकेटमधे घालून आणला, तिथे छान पेटला, खाली आलो, परत मेला. अर्धा तास गेला यात.

तेवढ्यात बी विंगचे काका पेपर घेऊन आले. विजेच्या खात्यातून रिटायर झालेत, सोसायटीत कुणी बल्ब जरी बदलत असलं तरी त्यांना वास लागतो. म्हणाले काय चाललंय? मी म्हणलं करंटच येत नाहीये काका. त्यांनी टेस्टर हातात घेतला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत टेस्टरकडे, दोघांपैकी कुणाशी बोलावं असा विचार करत असावेत. "अरे हा २३० व्होल्टचा. याच्यातला निऑन १२ व्होल्टला ढुंकून बघत नाही. गाडीवर हा जन्मात पेटायचा नाही."

आता चूक दाखवली आणि गेले असं आपल्याकडे होत नाही. पेपर बॉनेटवर ठेवला, घरून जुन्या इंडिकेटरचा बल्ब आणला, त्याला दोन वायरी डकवल्या, एक टोक बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावलं (रंगावर लावलं तर अर्थिंग मिळत नाही म्हणे, हे मला नंतर उपयोगी पडलं, म्हणजे नंतर मी रंगावरच लावलं), आणि दुसऱ्या टोकाने टोचायला लागले. तिसऱ्या वायरीला बल्ब लागला.

भोक पाडायची वेळ आली तेव्हा मात्र माझा हात कापायला लागला. ड्रिल चालू करायचो, जवळ न्यायचो, बंद करायचो. मुलीचे कान टोचले त्या दिवशीपण मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. सोनारानेच कान टोचावेत ते उगाच नाही म्हणत. ड्रिल काकांच्या हातात दिलं आणि खांबामागे जाऊन उभा राहिलो. सात नंबरच्याच.

आणि मग ती नळी. डिकीच्या दारातून छतात वायरी जातात ना, तिथे घड्याघड्यांची एक रबराची नळी असते, पेटीच्या भात्यासारखी. तिच्यात कंपनीच्या वायरींचा जुडगा आधीच ठासून भरलेला, त्यातून आपली एक पलीकडे न्यायची. माझी वायर बोटभर आत जायची, आत कुठेतरी मान वाकवायची आणि परत माझ्याकडेच तोंड करून बाहेर यायची. मी इकडून ढकलतोय, काका तिकडून डोळा लावून बसलेत. "आली का?" "नाही." "आता?" "थांब, काहीतरी दिसतंय... नाही नाही, ही जुनीच आहे." पोहे खालीच आले. थंड झाले. काकांनी खाल्ले. पाऊण तास ढकलाढकली चालली होती आणि माझ्या तोंडून जे शब्द निघत होते ते ऐकून शेजारच्या बाईंनी मुलाला सायकलसकट वर बोलावलं.

आई रिकाम्या प्लेटा न्यायला आली. दोन मिनिटं बघत उभी राहिली. म्हणाली, "अरे परकरात नाडी घालायची झाली तर काय नाडीच ढकलत बसतोस का?" आणि वर जाऊन खिडकीच्या पडद्याची स्प्रिंग घेऊन आली. तीच ती, पांढऱ्या प्लास्टिकची, दोन्ही टोकांना हुक असलेली. भांडी घासायच्या साबणाचं पाणी तिला चोळलं, स्प्रिंग आधी एकटीच नळीतून आरपार घातली, मग तिच्या हुकाला वायर अडकवून दुसऱ्या बाजूने ओढली. सुर्रकन आली. आईने साबणाचे हात पदराला पुसले, प्लेटा उचलल्या, आणि जाता जाता विचारलं, "हे उलथनं इथे कसं आलं?"

पुढचं त्या मानाने सोपं. केबल ६ मीटर, आमची गाडी चार मीटरचीपण नाही, ती छताच्या कडेने दाबत दाबत पुढे आणली आणि उरलेली गुंडाळून स्टिरिओच्या मागे कोंबली. पिवळी पिन पिवळ्यात. हे तर पोरगंपण करेल. रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर गाण्याचं नाव. परत टाकला. गाण्याचं नाव. काकांनी विचारलं, "पिवळ्या पिनेबरोबर एक बारीक लाल वायर असते, ती जोडलीस ना?" मी म्हणलं ती होय, ती मागच्या टोकाला नुसतीच शेंडीसारखी लोंबत होती म्हणून मी सकाळीच मुळापासून कापली. काकांनी चष्मा काढून पुसला. रिव्हर्स पडलाय हे स्टिरिओला सांगणारी तीच वायर असते. मग ब्लेडने केबलची साल तासून तासून ती शेंडी परत बाहेर काढली, त्यात एक तास. आमच्या दोघांत या वेळी संभाषण असं फारसं झालं नाही.

दोन वाजता पहिल्यांदा चित्र आलं. मी ओरडलोच. बायको, आई, मुलगी, बी विंगच्या काकू, सगळे गोळा. आईला खांबाजवळ उभं केलं आणि काकांचा पेपर हातात धरायला दिला. स्क्रीनवर आई, खांब, पांढरा पट्टा, आणि पेपरची हेडलाइन चक्क वाचता येतेय! आम्ही सगळे मोठ्याने वाचतोय, काका मागून म्हणाले, "वाचता येतंय म्हणजे चुकलं." आता बोला. पण माणूस बरोबर होता. मागचा कॅमेरा आरशासारखा पाहिजे, अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, नाहीतर डावीकडचा खांब उजवीकडे दिसतो आणि आपण खांब चुकवायला म्हणून बरोबर खांबावरच जातो. जे मी अकरा वर्षं कॅमेऱ्याशिवाय करतच होतो.

कॅमेऱ्याच्या वायरीला दोन छोटी वेटोळी असतात, एक हिरवं, एक पांढरं. एक कापलं की चित्र आरशासारखं पलटतं, दुसरं कापलं की मागच्या अंतराच्या त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा जातात. कुठलं कापायचं ते पत्रकात होतं, पत्रक पोह्यांच्या प्लेटेखाली होतं, प्लेट वर गेलेली. मी हिरवं कापलं. रेषा गेल्या. मग पांढरं कापलं, हिरवं परत जोडून टेप मारली, आणि अखेर पेपर उलटा दिसला. एवढा उलटा पेपर बघून कुणाला इतका आनंद झाला नसेल.

म्हणलं चला, आता एक चक्कर मारून येऊ सगळे. किल्ली फिरवली.

कट कट कट कट.

सकाळपासून किल्ली ऑन. रिव्हर्सचा दिवा, स्टिरिओ, स्क्रीन, सगळं बॅटरीवर. काका म्हणाले, "मला वाटलं तू अधूनमधून बंद करत असशील." मग धक्का. ढकलायला आपल्याकडे माणसं बोलवायला लागत नाहीत, सहाजण आपोआप आले, दुसरा गिअर टाकून मी गेटपर्यंत गेलो, क्लच सोडला, गाडी दोन आचके देऊन सुरू झाली, आणि मागे सहाजण एकदम ओरडले. तो दिवसभरातला सगळ्यात चांगला क्षण, आणि त्यात कॅमेऱ्याचा काही संबंध नव्हता.

पुढच्या शनिवारी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने काही विचारलं नाही. ड्रॉवर उघडून तीच पुडी काउंटरवर ठेवली.

वॉचमनकाका आता गावाहून आलेत. मी कौतुकाने त्यांना स्क्रीन दाखवली. लय भारी म्हणाले, आणि जाऊन खांबापाशी उभे राहिले. त्यामुळे सध्या मला स्क्रीनवर खांब कमी आणि काकांची खाकी पँट जास्त दिसते, पण त्यांना बाजूला व्हा कसं म्हणणार.

आणि पाऊस. कॅमेरा नंबर प्लेटच्या वर, म्हणजे चाकांनी उडवलेला सगळा चिखल आधी त्याच्या डोळ्यात. परवा संध्याकाळी रिव्हर्स टाकला तर स्क्रीनवर नुसता चहा सांडल्यासारखा. गाडी थांबवली, उतरलो, मागे गेलो, अंगठ्याने कॅमेरा पुसला, परत आत बसायला वळलो तर काका म्हणाले, "साहेब, उतरलाच आहात तर बघून घ्या की किती जागा आहे."

बघितली. चार बोटं होती.