रिचोला ‘लपवला’ म्हणणाऱ्या वाचकास

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या, म्हणजे इथल्या ‘फुटी’तल्या, रिचमंड क्लबच्या मॅथ्यू रिचर्डसन ऊर्फ रिचोवर लिहिलेल्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘सडेतोड’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी दोन दिवस थांबून उत्तर लिहितोय, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं ते छापण्यासारखं नव्हतं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी रिचोचा भक्त असून डोळे मिटून लिहितो. फॉरवर्डचं काम गोल मारणं, आणि ते त्याला भरवशाने कधीच जमलं नाही. त्याने घालवलेल्या संधींमुळे रिचमंड कितीतरी सामने हरलं. लॉकेट आणि डन्स्टॉल या गोल मारणाऱ्या दिग्गजांच्या पंक्तीत त्याला बसवणं हास्यास्पद आहे. गुडघ्याच्या दुखापतीचं साल मी चुकवलं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “२००८ मध्ये त्याला विंगवर नेलं त्याला तुम्ही सुधारणा म्हणता, मराठीत त्याला लपवणं म्हणतात, साहेब.”

आधी चूक कबूल करतो. गुडघा १९९५ मध्ये गेला, सिडनीच्या मैदानावर. मी १९९६ लिहिलं होतं. १९९६ मध्ये तर त्याने ९१ गोल मारले, एका मोसमातले त्याचे सर्वाधिक, आणि ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात जागा मिळवली. म्हणजे गुडघा उघडून शिवल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात. माझ्या चुकीने त्याचंच मोठेपण झाकलं गेलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

आता त्या ‘साहेब’बद्दल. मतभेद असावेत, मी ते कधी पुसलेले नाहीत, या पानावर माझ्याशी कडाकडा भांडणारे वाचक दहा वर्षांपासून येतात आणि त्यांची नावं मला पाठ आहेत. पण “मराठीत त्याला अमुक म्हणतात, साहेब” हे मतभेदाचं वाक्य नव्हे. हे समोरच्याला चारचौघांत खाली बसवण्याचं वाक्य आहे. तुम्हाला रिचोबद्दल काही सांगायचं होतं की मला गप्प करायचं होतं? भक्त म्हटलंत, तेही एक वेळ चालेल. १९९९ च्या हिवाळ्यात मी मेलबर्नला आलो तेव्हा या शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. शनिवारी दुपारी काय करायचं म्हणून एमसीजीत जाऊन बसलो. पाठीवर १२ आकडा असलेला एक उंच माणूस पळत होता आणि त्याने चेंडू हवेत झेलला की चाळीस-पन्नास हजार लोक एकाच वेळी उठत होते. त्याने किक मारायला पावलं मोजायला सुरुवात केली की तीच माणसं श्वास धरून बसत होती. मी नियमही न कळता त्यांच्याबरोबर श्वास धरला. याला भक्ती म्हणायचं असेल तर म्हणा. पण डोळे मिटलेल्या माणसाला त्याच्या हुकलेल्या किक आठवत नाहीत. मला आठवतात. लेखात मी स्वतःच लिहिलं होतं की लोक पदरचे पैसे लावतील असा रिचोचा पाय कधीच नव्हता. ते तुम्ही वाचलंत का?

मुद्दा ‘लपवणं’ या शब्दाचा आहे. बाकीचं नंतर.

लपवणं म्हणजे काय, हे गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याच्या हातून चेंडू सुटतो त्याला आपण फाइन लेगला उभं करतो, बॅटिंगला शेवटी पाठवतो, आणि तो लहान असेल तर कच्चा लिंबू म्हणून घेतो. म्हणजे जिथे चेंडू कमीत कमी येईल अशी जागा शोधतो. आता फुटीच्या मैदानावर अशी जागा दाखवा. एमसीजीची लांबी साधारण १६० मीटर आणि रुंदी १४०. दोन्ही बाजूंचे मिळून ३६ खेळाडू. त्यात विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात कडेने खेळणाऱ्या, माणसाने मागे बचावाला उतरायचं, चेंडू सुटला की पुढे धावायचं, लांब उसळून येणाऱ्या किकखाली उभं राहून तो झेलायचा, आणि मग दुसऱ्या टोकाच्या गोलपर्यंत पोचायचं. एका सामन्यात दहा किलोमीटरच्या वर धाव होते, तीही सरळ रेषेत नाही. फॉरवर्डला निदान चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघता येते. विंगवर श्वास घ्यायला जागा नाही. या जागी रिचमंडचा तेव्हाचा प्रशिक्षक टेरी वॉलेसने १९७ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला नेलं. विंगवर तोवर चपळ, मध्यम उंचीची पोरं पळायची. रिचो तेव्हा ३३ वर्षांचा होता. दीड दशक खेळून, गुडघा आणि मांड्यांचे स्नायू झिजवून या वयात माणसं निवृत्तीचं भाषण लिहायला घेतात. रिचमंडला तो लपवायचा असता तर गोलच्या पुढ्यात उभा करून ठेवला असता, दिवसाला दोन मार्क घे (म्हणजे किकचा चेंडू हवेतच झेल), दोन किक मार, बाकी वेळ बाक गरम कर. तसं केल्याबद्दल कोणी प्रशिक्षकाला बोललंही नसतं.

आणि त्याला लपवलं, तर तो सापडला कसा? साखळीतल्या प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे अंपायर तीन, दोन, एक अशी मतं देतात आणि मोसमाच्या शेवटी ती मोजून सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दिलं जातं. २००८ मध्ये अ‍ॅडम कूनीने ते २४ मतांनी जिंकलं. रिचर्डसनला २२ मतं होती. दोन मतं कमी. अंपायर हे कोणाचे भक्त नसतात, आणि रिचोचे तर नाहीच नाही, कारण पंधरा-सोळा वर्षं तो त्यांच्याकडे हात पसरून बघत आला होता. त्याच वर्षी तो पुन्हा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात आला. पहिल्यांदा १९९६ मध्ये आला होता, मग १९९९ मध्ये. पहिल्या निवडीनंतर बारा वर्षं गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, रिचमंड तक्त्याच्या अगदी तळाला होतं, सबंध मोसमात तीन विजय आणि एक बरोबरी, आणि त्या मोडक्या संघातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून क्लबने जॅक डायर पदक त्याला दिलं. तेही कारकिर्दीत पहिल्यांदा. २००८ मध्ये संघ नवव्या जागेपर्यंत वर आला. एकट्यामुळे नाही, हे मलाही कळतं. पण ज्या खेळाडूचे सगळ्यात चांगले दोन मोसम बत्तिशी-तेहतिशीत येतात त्याच्याबद्दल ‘सुधारणा’ हा शब्द वापरायचा नाही, तर कोणाबद्दल वापरायचा?

जरा पायाबद्दलही बोलू, कारण तुम्ही “पाय वाकडा तो वाकडाच” असंही लिहिलंय. पाय वाकडा नव्हता. फुटीचा चेंडू अंड्यासारखा. तो जमिनीवर ठेवून मारत नाहीत, हातातून पायावर सोडतात. हात आणि बूट यांच्या मधल्या त्या हातभर हवेत सगळं घडतं. सोडताना चेंडूचं टोक जरासं कलंडलं की पन्नास मीटरवर तो खांबाच्या पलीकडे जातो. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. खेळ चालू असताना हे सगळं आपोआप होतं, पाय मेंदूला विचारायला जात नाही. पण मार्क घेतला की खेळ थांबतो. बचावपटू समोर हात वर करून उभा. खांबांमागे विरोधी संघाचे लोक ओरडताहेत. आणि तुमच्याकडे अर्धा मिनिटभर करण्यासारखं काही नाही, फक्त विचार. नुकतंच ऐंशी मीटर जिवाच्या आकांताने पळून आलात, छाती भात्यासारखी चाललीय, आणि आता हात मात्र स्थिर हवा. रिचोचा घोळ तिथे होता. म्हणून त्याला जिथे थांबावंच लागत नाही अशा जागी नेणं हे मला गेल्या तीस वर्षांतलं सगळ्यात शहाणपणाचं प्रशिक्षण वाटतं. पळता पळता तो जे गोल मारायचा ते पाहिले असतील तर तुम्हालाही वाटेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही.

नाशिकला कॉलेजच्या संघात मी डावखुरा फिरकी गोलंदाज होतो. दुसऱ्या वर्षापर्यंत बरा होतो. एका हिवाळ्यात, कारण आजही सांगता येणार नाही, चेंडू हातातून सुटेनासा झाला. नेटमध्ये सगळं ठीक. सामन्यात रनअप घेतला की मनगट आखडायचं, आणि चेंडू एकतर दोन टप्पे घेत जायचा किंवा थेट फलंदाजाच्या डोक्यावरून. एका सामन्यात एका षटकात सात वाइड टाकले. मांडवात बसलेली माणसं हसत होती आणि त्यात माझे काका होते. सगळे सल्ले ऐकले. पावलं कमी केली, पावलं वाढवली, श्वास मोजला, एका हितचिंतकाच्या सांगण्यावरून हाताला गंडाही बांधला. मग आमच्या प्रशिक्षकांनी मला एक दिवस न बोलता चेंडूऐवजी हेल्मेट दिलं आणि शॉर्ट लेगला उभं केलं. तिथे विचार करायला वेळ नसतो. त्या मोसमात मी अकरा झेल घेतले. संघातल्या एकाने पाठीमागे म्हटलं, “याला लपवलाय.” हाच शब्द. मी तो तेवीस-चोवीस वर्षं विसरलो होतो. तुमच्या प्रतिक्रियेत वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला.

म्हणून विचारतो, आणि हे टोमणा म्हणून नाही: तुम्ही कधी अशा जागी उभे राहिला आहात का, जिथे काल येत होतं ते आज येत नाही आणि सगळे बघताहेत? राहिला असाल तर हा शब्द तुम्ही कसा लिहिलात हे मला समजत नाही. राहिला नसाल तर तो लिहिण्याआधी थोडं थांबायला हवं होतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. सामने हरले म्हणता. हरलेल्या सामन्यात शेवटी हुकलेली किक सगळ्यांना दिसते. पहिल्या क्वार्टरमध्ये इतरांनी सोडलेले चेंडू कोणाच्या लक्षात राहत नाहीत. लॉकेटचे १३६० गोल आहेत आणि डन्स्टॉलचे १२५४. रिचोचे २८२ सामन्यांत ८००. मी त्याला त्यांच्या पंक्तीत बसवलं नव्हतं, ते दोघं त्या काळात खेळत होते एवढंच लिहिलं होतं. डन्स्टॉलभोवती हॉथॉर्नचा कसला संघ होता तेही बघा. रिचोच्या सतरा मोसमांत रिचमंड फक्त दोनदा अंतिम फेऱ्यांत पोचलं: १९९५, जेव्हा त्याचा गुडघा बांधलेला होता, आणि २००१. त्याचे वडील १९६७ च्या विजेत्या रिचमंड संघात होते. पोराच्या वाट्याला ग्रँड फायनल एकदाही आली नाही. तरी क्लबच्या इतिहासात त्याच्यापेक्षा जास्त गोल एकट्या जॅक टायटसचे आहेत.

एक आठवण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुम्ही “त्याला शेवटच्या क्षणी कधी जमलंय?” असं विचारलंय. २००७, एसेंडनविरुद्धचा ड्रीमटाइमचा (आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ दरवर्षी होणारा) सामना, मी स्टँडमध्ये होतो. सामना संपत आलेला. रिचोने चेंडू पकडला, वळला आणि मारला, मधोमध. अख्खी पिवळी-काळी बाजू उभी राहिली, माझ्या शेजारच्या अनोळखी म्हातारीने माझा दंड घट्ट धरला. आणि अंपायरने शिट्टी वाजवली: रिचोने आधी एसेंडनच्या माल मायकलच्या पाठीला हात लावला होता. तो नियम त्याच वर्षी कडक झाला होता. गोल गेला, सामना गेला. त्या दिवशी पाय सरळ होता, सडेतोड. त्या म्हातारीने माझा दंड कितीतरी वेळ सोडला नाही, आणि आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही न बोलता सायरन होईपर्यंत तसेच उभे होतो.

पुढे ३० सप्टेंबर २०१७ ला रिचमंडने ३७ वर्षांनी कप जिंकला तेव्हा रिचो मैदानाच्या कडेला वाहिनीचा मायक्रोफोन घेऊन उभा होता. ज्या पोरांची मुलाखत घ्यायची त्यांनाच मिठी मारताना त्याचे डोळे भरले होते. मी घरी टीव्हीसमोर होतो. माझेही भरले. हवं तर हेही भक्तीत धरा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. १९९५ ची दुरुस्ती केली आहे. २००८ चा एखादा पूर्ण सामना बघा, फक्त गोलची चित्रफीत नको, चारही क्वार्टर, आणि नजर फक्त १२ नंबरवर ठेवा. त्यानंतरही शब्द तोच वाटला तर पुन्हा लिहा. मी उत्तर देईन. पण तेव्हा ‘साहेब’ वगळा.