बीपीचा आकडा उतरला, हृदयाचं काय?

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या बीपीच्या गोळ्या फक्त आकडा खाली आणतात, हृदयाला त्यांचा काही उपयोग नाही, त्या रासायनिक विष आहेत, किडनी बिघडवतात; तेव्हा बीपी नॉर्मल आलं की बंद करा, असं त्यात म्हटलंय.

'फक्त आकडा' इथेच सगळी गफलत आहे. दाब कमी झाल्याचं जाणवलं की किडनी रेनिन नावाचं विकर (एन्झाइम) सोडते. यकृतात बनलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. मग एसीई नावाचं विकर, मुख्यतः फुप्फुसांत, त्या तुकड्याचं शेपूट छाटतं आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं; अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं. रक्तस्राव झाला तर हीच साखळी जीव वाचवते. पण ती वर्षानुवर्षं जोरात चालू राहिली, की हृदय थेट तिच्या तडाख्यात येतं. स्नायूपेशी जाड होतात, त्यांच्या मधे कोलॅजनचे तंतू साचतात. भिंत ताठरते, दोन ठोक्यांच्या मधे नीट सैल पडत नाही, त्यामुळे रक्त पुरेसं भरत नाही. बीपीच्या मशीनला यातलं काहीच दिसत नाही. या गोळ्या हीच साखळी तोडतात: 'प्रिल' एसीईला अडवतात, 'सार्टन' अँजिओटेन्सिन-२ चा परिणाम होऊ देत नाहीत.

दाबाला वगळूनही हे तपासता येतं. ज्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच जास्त अल्डोस्टेरॉन सोडतात, त्यांच्यात तेवढंच बीपी असलेल्या इतरांपेक्षा ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त आढळतं. १९९९ च्या राल्स चाचणीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं, तेव्हा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. बीपीत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता!

'रासायनिक विष' यावर एवढंच: या वर्गातलं कॅप्टोप्रिल सुचलं ते ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे त्या सापालाही पटणार नाही.

किडनीबद्दल अर्धसत्य आहे, आणि मेसेज पसरतो तो त्यावरच. गोळी सुरू झाल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती गाळते ते सांगणारा टाकाऊ पदार्थ, थोडं वाढू शकतं, कारण किडनीच्या गाळणीतून बाहेर पडणारी बारीक रक्तवाहिनी सैल होते आणि गाळणीवरचा ताण उतरतो. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर किडनी टिकवायला याच गोळ्या दिल्या जातात. मात्र उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, पोटॅशियम चढलं असेल किंवा दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील तर धोका खरा आहे. गरोदरपणात तर या गोळ्या चालतच नाहीत. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं.

राहिला 'नॉर्मल आलं की बंद'चा सल्ला. नॉर्मल आलंय ते बहुधा गोळी चालू आहे म्हणून. हृदय दुबळं होऊन पुन्हा सावरलेल्या रुग्णांवर ट्रेड-एचएफ चाचणीत हेच करून पाहिलं, अर्थात देखरेखीखाली. २५ जणांची हृदयाची औषधं, त्यात याही गोळ्या, हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परत आला. औषधं चालू ठेवलेल्या गटात एकाचाही नाही.