दात उपटून कॅन्सर टळत नाही

मावशीचा फोन सकाळी साडेसहाला. "अगं, माझा तो रूट कॅनाल केलेला दात आहे ना, डावीकडचा, तो काढूनच टाकते आता. उद्याची वेळ घेतलीय." दुखतोय? नाही. हलतोय? नाही. मग? "तू वाचलं नाहीस का ते? तुलाही पाठवलंय मी."

पाठवलं होतं खरं. लालभडक अक्षरं, शेवटी 'पुढे पाठवा, जीव वाचवा'. मजकूर थोडक्यात असा: मोठ्या आतड्याचा कॅन्सर तोंडातल्या जिवाणूमुळेच होतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. ९७ टक्के कॅन्सरग्रस्तांचं रूट कॅनाल झालेलं असतं, म्हणून असे दात ताबडतोब काढा. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या आठवडाभर घ्या, उंदरांच्या गाठी त्यांनीच विरघळल्या. आणि कडक माउथवॉशने दिवसातून दोनदा तोंड निर्जंतुक करा.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करते. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा जिवाणू हिरड्यांच्या कडेला, दातांवरच्या थरात राहतो. २०१२ साली बोस्टन आणि व्हँकुव्हरच्या दोन गटांना तो मोठ्या आतड्याच्या गाठींत भरपूर सापडला. मार्च २०२४ मध्ये सिएटलच्या फ्रेड हच कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात याच्या पुढचं काम छापलं. या जिवाणूचे गाठींतून मिळालेले ५५ आणि कॅन्सर नसलेल्यांच्या तोंडातून घेतलेले ८० नमुने त्यांनी ताडून पाहिले. गाठींत घर करणारी या जिवाणूची बहुतांशी एकच शाखा निघाली. तिच्याकडे जठरातल्या आम्लातून तगून जायची सोय आहे. म्हणजे तोंडातून थेट गिळली जाऊनही ती आतड्यापर्यंत पोहोचू शकते. सुमारे २०० रुग्णांच्या गाठी तपासल्या, तर साधारण निम्म्यांत ती होती.

निम्म्यांत. उरलेल्या निम्म्या गाठी तिच्याशिवायच झाल्या. या मुद्द्यातला सगळा खोटेपणा 'जिवाणूमुळेच' मधल्या त्या 'च'मध्ये आहे. शिवाय या जिवाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते गाठीच्या पेशींवरच्या विशिष्ट साखरेला चिकटतं. म्हणजे गाठ आधी तयार होते आणि जिवाणू नंतर वस्तीला येतो, असंही होऊ शकतं. एकदा ठाण मांडलं की तो गाठीला हातभार लावतो, रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरतो, याचे पुरावे आहेत. पण आगीत तेल ओतणारा आणि आग लावणारा एकच, हे अजून कोणी दाखवलेलं नाही. त्यात गंमत म्हणजे २०२४ मध्येच लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांना डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उलटंच दिसलं. ज्यांच्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम होता त्या रुग्णांची गत बरी होती, आणि प्रयोगशाळेत काचेच्या बशीत त्याने कॅन्सरच्या पेशी मारल्या. आता काय, जिवाणू पाळायचा?

आता ते ९७ टक्के. कुठल्या रुग्णालयात मोजले, किती जणांवर, कधी, कशाचा पत्ता नाही. पण क्षणभर धरून चालू की आकडा खरा आहे. कॅन्सर बहुतेक उतारवयात होतो आणि रूट कॅनालही वय वाढेल तसे साठत जातात. त्याच रुग्णांना चाळिशीचा चष्मा विचारा, तिथेही असाच दणदणीत आकडा येईल. मग चष्मे फोडायचे का? आणि दुधाचे दातही न पडलेल्या मुलांना रक्ताचा कॅन्सर होतो, त्यांचं रूट कॅनाल कोणी केलं होतं?

ही कल्पना नवीही नाही. शंभर वर्षांपूर्वी 'दातात दडलेला संसर्ग सगळ्या रोगांचं मूळ' या समजापायी लोकांचे चांगले दात सर्रास उपटले गेले. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने रूट कॅनाल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून ससे आजारी पडल्याचं दाखवलं. पुढे काटेकोर प्रयोगांत ते टिकलं नाही. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर वेड बरं करायला आधी दात, मग टॉन्सिल आणि शेवटी मोठ्या आतड्याचे तुकडे काढायचा. किती तरी रुग्ण त्यात दगावले. स्वतःच्या मुलांचे दातही त्याने सोडले नाहीत. आज पुढे पाठवला जाणारा मजकूर म्हणजे याच माणसांचा उष्टा माल आहे.

आणि माझा खरा संताप इथे आहे. मावशीच्या हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची. तोंडातल्या जिवाणूंना ज्यांनी खरोखर जपून राहावं, अशा मोजक्या लोकांत ती येते. हे जिवाणू रक्तात उतरून कृत्रिम झडपेवर बसले तर जिवावर बेततं. आता दात काढताना काय होतं ते बघा. २००८ साली 'सर्क्युलेशन' या हृदयरोगाच्या नियतकालिकात २९० जणांवरचा एक अभ्यास आला. नुसतं ब्रश केल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात तोंडातले जिवाणू सापडले. प्रतिजैविक न देता दात काढला तेव्हा ६० टक्के. आधी अमॉक्सिसिलिन दिलं तेव्हा ३३. जिवाणूंच्या भीतीने ठणठणीत दात उपटायला निघालेली बाई स्वतःच त्यांना रक्ताचा दरवाजा उघडून देणार होती. उद्या ज्यांच्याकडे जाणार त्यांना झडपेचं सांगितलंस का, विचारलं. "दाताला आणि हृदयाला काय संबंध?" म्हणाली. ज्या मजकुराने दाताचा आतड्याशी संबंध जोडला, त्याने नेमका हा एक खरा संबंध गाळला होता.

मेट्रोनिडॅझोलचंही तेच. २०१७ साली 'सायन्स'मध्ये आलेला प्रयोग खरा आहे. माणसाच्या गाठीचे तुकडे उंदरांत रुजवले, तुकड्यांत फ्युजोबॅक्टेरियम होता, औषधाने तो घटला आणि गाठीची वाढ मंदावली. मंदावली, विरघळली नाही. आणि तेही ज्या गाठीत जिवाणू आहे हे आधीच ठाऊक होतं तिच्यात, उंदरांत. ज्याला गाठच नाही त्याने या गोळ्या कशासाठी खायच्या? मावशी रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेते. मेट्रोनिडॅझोलने वॉरफरिनचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. आधीच्या कुठल्याशा दुखण्यातली अर्धी पट्टी घरात पडली होती. फोनवरच ती शोधायला लावली आणि बाजूला काढून ठेवायला लावली.

माउथवॉशवर फार शब्द खर्च करत नाही. तोंड निर्जंतुक होत नसतं आणि व्हायलाही नको. जिभेवरचे काही जिवाणू अन्नातल्या नायट्रेटवर काम करून रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करतात. १९ निरोगी लोकांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरल्या तेव्हा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी चढला होता. दात तपकिरी होतात ते वेगळंच.

हिरड्यांतून रक्त येतं का, असं मी मावशीला शेवटी विचारलं. येतं म्हणाली, वर्षभर. त्याबद्दल त्या मजकुरात अक्षर नव्हतं, म्हणून तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं. दात काढायची वेळ रद्द केली. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून हिरड्या साफ करायची वेळ पुढच्या गुरुवारची घेतली आहे. अर्धा-एक तास आधी घ्यायची अमॉक्सिसिलिन तिने गोळ्यांच्या डब्यात गुरुवारच्या खणात, वॉरफरिनच्या शेजारी, कागदात गुंडाळून ठेवली आहे.